‘हो’ची सवय लावणारी सुरक्षा

भोसरी एमआयडीसीतल्या लहान वर्कशॉपच्या माळ्यावर, मालकाच्या केबिनमध्ये, बहुधा एकच संगणक असतो. टॅली त्यातच, जीएसटीचे रिटर्न त्यावरूनच भरायचे, ई-वे बिल त्यावरूनच काढायचे. चाकणच्या बड्या कंपनीने पाठवलेली पार्टची ड्रॉइंग्जही त्यातच ठेवलेली आणि मालकाच्या डिजिटल सहीचे टोकन त्यालाच खोचलेले. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. मशिनी बंद असतात आणि घरातला मुलगा नाहीतर एखादा अप्रेंटिस त्याच संगणकावर गेम लावतो. पडदा क्षणभर काळवंडतो आणि मधोमध एक चौकट येते: या ॲपला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का? ‘येस’ दाबले की गेम सुरू. पुढच्या वेळी तोच गेम, तीच चौकट, तेच ‘येस’. लोक याला कटकट म्हणतात आणि सोडून देतात. पण प्रश्न कटकटीपुरता नाही. तोच तो प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला की सुरक्षा वाढायच्या ऐवजी घटते, कारण माणसाला न वाचता ‘हो’ म्हणायची सवय लागते. म्हणून चौकट बंद करून भागणार नाही. ती विनाकारण यावीच लागू नये, अशी तजवीज करायला हवी. ही जबाबदारी आधी गेम बनवणाऱ्याची, मग विंडोज बनवणाऱ्याची आणि सर्वांत शेवटी माउस हातात असलेल्याची आहे.

ही चौकट आली कुठून? विंडोज एक्सपीच्या काळात घरगुती संगणकावरचे जवळजवळ प्रत्येक खाते ॲडमिनचे असे. जो प्रोग्रॅम उघडाल त्याला संगणकातली हवी ती फाइल बदलायची मुभा. मग तो गेम असो की पेन ड्राइव्हमधून आलेला व्हायरस. जानेवारी २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने ही मुभा काढून घेतली. खाते ॲडमिनचे असले तरी प्रोग्रॅम साध्या अधिकारांवर चालणार आणि एखाद्याला पूर्ण अधिकार हवे असतील तर समोरच्या माणसाला विचारले जाणार, असा नियम आला. पडदा काळवंडतो त्यालाही कारण आहे. ती चौकट वेगळ्या, बंदिस्त पडद्यावर उमटते, म्हणजे दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमला तुमच्या नावाने परस्पर ‘येस’ दाबता येऊ नये. योजना चोख होती. पण तोवरचे प्रोग्रॅम एक्सपीच्या मोकळिकीत वाढलेले होते. १९९९ चा ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा गेम खुद्द मायक्रोसॉफ्टने प्रकाशित केलेला; तो खेळाची जतन केलेली स्थिती प्रोग्रॅम फाइल्समधल्या स्वतःच्या फोल्डरातच लिहायचा. साध्या अधिकारांना ते फोल्डर आता बंद झाले. मग असे गेम चालवायचा सोपा मार्ग एकच उरला: दर वेळी ॲडमिन म्हणून चालवा.

आजही गेम सुरू करताना चौकट का येते, हे एकेक करून तपासले तर बहुतेक कारणे अशीच क्षुल्लक निघतात. कधी गेम बनवणाऱ्याने ‘मला ॲडमिनचे अधिकार हवेतच’ अशी नोंद प्रोग्रॅममध्ये करून ठेवलेली असते, कारण तसे केले की चाचणीत अडचण येत नाही. कधी गेमचा लाँचर प्रोग्रॅम फाइल्समध्ये बसलेला असतो आणि दर वेळी उघडताना तिथेच नवे अपडेट टाकू पाहतो. काही जुन्या प्रोग्रॅमच्या बाबतीत तर नुसते फाइलचे नाव पुरते. नावात ‘सेटअप’ किंवा ‘अपडेट’ दिसले की विंडोज तो इन्स्टॉलर असावा असा अंदाज बांधते आणि अधिकार मागते. आणि कधी फार पूर्वी कुणाच्या तरी सांगण्यावरून गेमच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘कम्पॅटिबिलिटी’ टॅबवर ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’च्या चौकोनात खूण केलेली असते, जी नंतर कुणाच्याच लक्षात राहत नाही. यातल्या एकाही कारणाचा गेम धोकादायक आहे की नाही याच्याशी संबंध नाही. तरीही समोर येणारी चौकट तीच, जी खरोखरच घातक प्रोग्रॅमसाठीही येते.

मायक्रोसॉफ्टला हे लवकरच कळले होते. विंडोज ७ ची तयारी चालू असताना, ऑक्टोबर २००८ मध्ये, कंपनीने आपल्या निरीक्षणाचे आकडे जाहीर केले. व्हिस्टा आल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत संगणक वापरण्याच्या निम्म्या सत्रांमध्ये लोकांना किमान एकदा तरी ही चौकट दिसत होती, आणि ती उभी करणारे वेगवेगळे प्रोग्रॅम होते सुमारे ७ लाख ७५ हजार. ऑगस्ट २००८ पर्यंत हा आकडा सुमारे १ लाख ६८ हजारांवर आला आणि चौकट दिसणाऱ्या सत्रांचे प्रमाण एक तृतीयांशावर उतरले. म्हणजे प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी मनावर घेतले तर प्रश्न कमी होऊ शकतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आरएसए परिषदेत मायक्रोसॉफ्टचे डेव्हिड क्रॉस यांनी जाहीरपणे सांगितले होते की, लोकांना त्रास व्हावा हाच या चौकटीचा हेतू होता; लोक वैतागतील, सॉफ्टवेअर कंपन्यांकडे तक्रार करतील आणि कंपन्या आपले प्रोग्रॅम सुधारतील. प्रामाणिक कबुली होती ती, पण भांडण कंपन्यांचे आणि मनस्ताप गिऱ्हाइकाचा, असा तो हिशेब होता. आणि मायक्रोसॉफ्टच्याच आकड्यांनुसार दहांपैकी सुमारे नऊ वेळा लोक ‘हो’च म्हणत होते. प्रश्नांची संख्या घटली तरी ‘हो’चे हे प्रमाण खाली आले नाही. यातले बरेच ‘हो’ योग्यही असतील. पण ज्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ ठरलेले आहे, तो प्रश्न वाचायचे कष्ट माणूस फार काळ घेत नाही.

याचा दोष आळसाला देणे सोपे आहे, पण संशोधन तसे सांगत नाही. अमेरिकेतल्या ब्रिगम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये लोकांना एमआरआय यंत्रात ठेवून सुरक्षेच्या सूचना दाखवल्या. तीच सूचना दुसऱ्यांदा दिसली की मेंदूतल्या दृष्टीशी संबंधित भागांची हालचाल लगेच घसरते, असे त्यांना आढळले. परिचित गोष्टीवर शक्ती खर्च करायची नाही हा मेंदूचा धर्मच आहे. शिस्तीचा बडगा उगारून तो बदलत नाही. अँड्रॉइड फोनबाबत २०१२ मध्ये झालेल्या अभ्यासात ॲप टाकताना परवानग्यांच्या यादीकडे लक्ष देणारे अवघे १७ टक्के निघाले, आणि त्या यादीवर विचारलेल्या तिन्ही प्रश्नांची बरोबर उत्तरे देणारे ३ टक्के. पुढे २०१५ मध्ये अँड्रॉइडने सगळ्या परवानग्या सुरुवातीलाच मागायची पद्धत सोडली आणि ज्या क्षणी कॅमेरा किंवा लोकेशन लागेल त्या क्षणी विचारायला सुरुवात केली. सवयीचा गैरफायदा घेणारेही आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीत शिरलेल्या हल्लेखोराने कंत्राटी कर्मचाऱ्याच्या फोनवर लॉगिनच्या मंजुरीचे मेसेज एकामागून एक पाठवले आणि शेवटी त्या माणसाने एक मंजूर केला. ती मंजुरी मिळवायला कुठले कुलूप तोडावे लागले नाही. पुरेशा वेळा विचारणे एवढेच लागले.

गेमच्या बाबतीत आणखी एक विसंगती आहे, आणि ती सर्वांत गंभीर. जो प्रोग्रॅम दर वेळी विचारतो तो बहुधा निरुपद्रवी असतो. जो सर्वांत मोठा अधिकार घेतो तो एकदाच विचारतो. ऑनलाइन गेममध्ये फसवाफसवी रोखण्यासाठी ‘अँटी-चीट’ नावाचे प्रोग्रॅम बसवले जातात आणि त्यांतले अनेक कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात जाऊन बसतात. २०२० मध्ये आलेल्या ‘व्हॅलोरंट’चा व्हॅनगार्ड तर संगणक सुरू होतानाच जागा होतो, गेम खेळा की न खेळा. इन्स्टॉल करताना दिलेले एक ‘येस’ त्याला कायमचे पुरते. असा अधिकार चुकीच्या हाती पडला की काय होते, याची उदाहरणे आहेत. सप्टेंबर २०१६ मध्ये कॅपकॉम कंपनीने ‘स्ट्रीट फायटर ५’च्या अपडेटमधून एक ड्रायव्हर टाकला, त्यातल्या त्रुटीमुळे संगणकावरच्या कुठल्याही प्रोग्रॅमला गाभ्यात शिरायची वाट मिळाली आणि कंपनीला तो मागे घ्यावा लागला. ऑगस्ट २०२२ मध्ये ट्रेंड मायक्रोने दाखवून दिले की, ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या गेमचा रीतसर सही असलेला अँटी-चीट ड्रायव्हर खंडणीखोर टोळीने वापरला. आधी अँटीव्हायरस बंद पाडला आणि मग फाइली कुलूपबंद केल्या. ज्या संगणकांवर हे घडते तिथे तो गेम बसवलेला असण्याचीही गरज नसते. टोळी ड्रायव्हर सोबत घेऊन येते. चौकटीच्या निळ्या पट्टीवर कंपनीचे खरे नाव दिसले म्हणजे सगळे ठीक, हा समजही त्यामुळे अपुरा ठरतो. खेळाची स्थिती जतन करायला मागितलेला अधिकार आणि संगणकाच्या गाभ्यात मुक्काम करायला मागितलेला अधिकार, दोन्हींसाठी चौकट एकच आणि तिचे शब्दही तेच.

भोसरी-चाकणच्या पट्ट्याला हा प्रकार वेगळ्या रूपात चांगलाच ठाऊक आहे. पॉवर प्रेसवर दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय स्ट्रोक पडत नाही, कारण हात डायखाली जाऊ नयेत. काम पीस रेटवर असेल आणि बटणे गैरसोयीच्या उंचीवर बसवलेली असतील, तर एका बटणात लाकडाची पाचर ठोकली जाते किंवा त्यावर टेप गुंडाळला जातो. हात मध्ये आला की मशिन थांबवणारा लाइट कर्टन विनाकारण थांबवू लागला की कुणीतरी त्याची वायर बायपास करतो. अशा ठिकाणी बोट गेले की ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ असे लिहून मोकळे व्हायची पद्धत होती. पण आज मोठ्या वाहन कंपनीचा क्वालिटीवाला सप्लायरकडून तक्रारीचे उत्तर मागतो तेव्हा मूळ कारण म्हणून ‘ऑपरेटरची चूक’ चालत नाही. का, का, का असे विचारत मागे जावे लागते आणि चूक घडूच शकणार नाही असे फिक्स्चर दाखवावे लागते. टोयोटाचे सल्लागार असलेल्या शिगेओ शिंगो यांनी रूढ केलेला ‘पोका-योके’, म्हणजे चूक होऊच न देणारी रचना, हा शब्द भोसरीतल्या आयटीआय झालेल्या पोरालाही पाठ असतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमानेही धोकादायक भागाला कुंपण घालायचे काम २१ व्या कलमात कारखानदाराकडे सोपवले होते. कामगाराने सुरक्षेच्या साधनांत ढवळाढवळ करू नये, हा नियम १११ व्या कलमात होता, पण कुंपण असल्याशिवाय त्याला अर्थ नव्हता. खाली शॉप फ्लोअरवर आपण जो न्याय मान्य केला, तो माळ्यावरच्या संगणकाला लावायला हरकत नसावी.

पहिला आक्षेप सरळ आहे: मग ती चौकट बंदच करून टाकावी, विंडोजमध्ये त्यासाठी सरकपट्टी दिलेली आहे आणि यूट्यूबवर ती खाली कशी ओढायची ते सांगणारे व्हिडिओही आहेत. हे म्हणजे बटणात पाचर ठोकणे झाले. चौकट बंद केली की गेमपुरती बंद होत नाही, संगणकावरच्या प्रत्येक प्रोग्रॅमसाठी बंद होते. एक्सपीचे दिवस परत येतात. आपल्याकडे याचा धोका जास्त, कारण इथे क्रॅक केलेले गेम सर्रास चालतात. त्यांच्यासोबत येणाऱ्या सूचना जवळपास ठरलेल्या असतात: आधी अँटीव्हायरस बंद करा, मग ॲडमिन म्हणून चालवा. ‘स्टॉप’ नावाने ओळखला जाणारा खंडणीचा व्हायरस मुख्यतः अशाच क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून घरगुती संगणकांत पसरला. ‘मी काय चालवतो ते मला कळते’ असे म्हणणाऱ्याला गेम कळतो. त्या फाइलमध्ये आणखी काय दडवले आहे, ते पाहायची सोय त्याच्याकडे नसते. आणि त्या संगणकात टॅलीचा डेटा, गिऱ्हाइकाची ड्रॉइंग्ज आणि डिजिटल सही असेल, तर नुकसान खेळणाऱ्या पोराचे होत नाही, महिनाअखेरीला पगाराची वाट पाहणाऱ्यांचे होते.

दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे. विंडोजने एकदा दिलेली परवानगी लक्षात ठेवावी, ‘या गेमवर कायम विश्वास ठेवा’ असा पर्याय द्यावा. वरवर रास्त वाटते, पण इथे मायक्रोसॉफ्टची बाजू बळकट आहे. एखाद्या प्रोग्रॅमला कायमचे पूर्ण अधिकार मिळाले की दुसरा कुठलाही भुरटा प्रोग्रॅम त्याच्या आडून काम साधू शकतो. त्याची फाइल बदलून, किंवा त्याच्या हातून आपलीच फाइल उघडवून. विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या काही निवडक प्रोग्रॅमना न विचारता अधिकार दिले आणि त्याच आडवाटेने चौकट चुकवण्याच्या युक्त्या २००९ मध्येच उघड झाल्या. यावरून निघते ते एवढेच की, कायमचा विश्वास हा उपाय नव्हे. गेमला त्या अधिकारांची गरजच भासू नये, हा उपाय आहे. आणि तो शक्य आहे याचे पुरावे समोर आहेत. फोनवरचा कुठलाही गेम सबंध फोनचा ताबा मागत नाही, तरीही तो लाखो लोक खेळतात. संगणकावर स्टीमने आपल्या फोल्डरात साध्या खात्यालाही लिहिता येईल अशी व्यवस्था ठेवली, म्हणून तिथले बहुतेक गेम पहिल्या खेपेनंतर न विचारता सुरू होतात.

तिसरा आक्षेप स्पर्धा खेळणाऱ्यांचा: अँटी-चीट खोलवर बसले नाही तर फसवणारे सगळा खेळ नासवतील. फसवणूक खरी आहे आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिल्यानंतर इथल्या मुलांसाठी स्पर्धेचा निकाल चोख असणे महत्त्वाचे आहे. पण गरज खरी असली म्हणून मागण्याची रीत योग्य ठरत नाही. जो प्रोग्रॅम गाभ्यात शिरणार आहे त्याने ते स्वच्छ सांगावे: मी संगणक सुरू होताच चालू होईन, अमुक गोष्टी तपासेन, गेम काढलात तर मीही जाईन. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती गोळा करण्यासाठी घ्यायची संमती मुक्त, नेमकी आणि समजून दिलेली असावी असे सांगितले, सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषांतही उपलब्ध असावी असे सांगितले आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आवश्यक केली. एका फोन नंबरसाठी एवढी काळजी, आणि अख्ख्या संगणकाचा ताबा मागायला एक ओळीची चौकट, हा व्यवहार उलटा आहे. तोच निकष इथेही लागला पाहिजे.

शेवटी उरते ती नेहमीची सूचना: लोकांना जागरूक करा. जागरूकतेला नाही कोण म्हणेल? पण तिची मर्यादा आपण यूपीआयमध्ये पाहिली. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हे बँका वर्षानुवर्षे मेसेज पाठवून सांगत राहिल्या आणि तरीही ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ पाठवून लोकांना लुबाडणे चालूच राहिले. अखेर यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने एका व्यक्तीने दुसरीला अशी रिक्वेस्ट पाठवण्याची सोयच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करायचे ठरवले. फसवणारा प्रश्नच काढून टाकला, उत्तर देणाऱ्याला शहाणे करत बसले नाहीत. मायक्रोसॉफ्टमधलेच संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २००९ मध्ये मांडले होते की, लोक सुरक्षेचे सल्ले धुडकावतात ते मूर्ख म्हणून नव्हे. रोजचा वेळ आणि त्रास यांच्या तुलनेत मिळणारा फायदा त्यांना दिसत नाही म्हणून. सल्ला स्वस्त असतो देणाऱ्याला. घेणाऱ्याला तो दररोज किंमत मोजायला लावतो.

मग करायचे काय? घरात किंवा वर्कशॉपमध्ये आज करता येण्यासारखे थोडेच आहे, पण ते नेमके आहे. गेम खेळणाऱ्यासाठी साधे, ॲडमिन नसलेले खाते वेगळे काढावे. ॲडमिनच्या खात्याचा पासवर्ड एका मोठ्या माणसाकडे असावा. मग अधिकार मागणाऱ्या चौकटीत नुसते ‘येस’ चालत नाही, पासवर्ड लागतो, आणि विचार करायला तेवढी सवड मिळते. जुना गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये न टाकता डी ड्राइव्हवरच्या वेगळ्या फोल्डरात टाकावा आणि ‘कम्पॅटिबिलिटी’मधली ती जुनी खूण काढून पाहावी, बरेचसे गेम तिच्याशिवायही चालतात. अशा मोकळ्या फोल्डरातला गेम मात्र कधीच ॲडमिन म्हणून चालवू नये, कारण तिथली फाइल कुणालाही बदलता येते. चौकट तरीही आलीच तर प्रोग्रॅमचे नाव, प्रकाशकाचे नाव आणि तपशिलात दिसणारे फाइलचे ठिकाण एवढ्या तीन गोष्टी वाचाव्यात. पट्टी पिवळी असेल आणि प्रकाशक ‘अननोन’ असेल तर ‘नो’ दाबून आधी चौकशी करावी. आणि शक्य असेल तिथे हिशेबाचा संगणक आणि खेळाचा संगणक वेगळे ठेवावेत.

पण हे सगळे म्हणजे दुसऱ्याने सोडलेले काम निस्तरणे आहे. साध्या खात्यावर न चालणारा गेम हा अपुरा माल आहे, असे गिऱ्हाइकाने आणि विक्री करणाऱ्या दुकानांनी म्हणायला हवे. खरेदीच्या पानावर ‘ॲडमिन अधिकार लागतात’ आणि ‘कर्नल ड्रायव्हर बसवतो’ हे रॅम आणि ग्राफिक्स कार्डाच्या अटींइतक्याच ठळकपणे छापले पाहिजे. मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये कोणते प्रोग्रॅम किती वेळा विचारतात ते मोजले होते. तशी मोजणी दर वर्षी प्रसिद्ध करावी आणि विनाकारण विचारणाऱ्यांची नावे जाहीर करावीत. भोसरीतल्या सप्लायरने एका पार्टमध्ये चूक केली तर त्याच्याकडून लेखी खुलासा, मूळ कारण आणि पुन्हा न घडण्याची हमी मागितली जाते. जगभर कोट्यवधी संगणकांवर जाणाऱ्या मालासाठी एवढी मागणी करणे मुळीच जास्त नाही.